सिनॉलॉजी डीएस २२४ प्लस: इंदूरच्या छोट्या पेढीच्या बॅकअपसाठी घ्यावा का?

सियागंजातली मसाल्याची घाऊक पेढी, एम. टी. क्लॉथ मार्केटमधला कापडाचा व्यापारी, दवा बाजारातला स्टॉकिस्ट, पोलोग्राउंड किंवा सांवेर रोडवरचा छोटा कारखाना, राजेंद्रनगरातलं एखादं सीएचं ऑफिस. धंदे वेगळे असले तरी संगणकांची मांडणी जवळपास एकसारखीच असते. चार ते दहा विंडोज संगणक, त्यातल्या एकावर टॅलीप्राइम किंवा बिझी हा हिशेबाचा प्रोग्रॅम, बाकीचे लॅनने त्याला जोडलेले. बॅकअप म्हणजे संध्याकाळी मुनीमजींनी पेनड्राइव्हवर घेतलेली प्रत, आणि तो पेनड्राइव्ह बहुधा त्याच संगणकाला लागलेला. हे परीक्षण अशाच जागेसाठी आहे.

निकाल आधीच सांगतो. दहा संगणकांपर्यंतच्या पेढीला सिनॉलॉजीचा डीएस २२४ प्लस हा दोन डिस्कांचा नॅस (लॅनला जोडून सगळ्या संगणकांच्या फाइली साठवणारी पेटी) घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. पण विक्रेते तो साधारणपणे ज्या पद्धतीने बसवून देतात, म्हणजे दोन डिस्कांचं रेड १ (दोन्हींवर एकच मजकूर लिहिणारी जोडी) करून प्रत्येक संगणकावर ‘झेड ड्राइव्ह’ म्हणून जोडून, त्या अवस्थेत तो बॅकअप नाहीच. ती जागेवरची एकुलती एक प्रत आहे, फक्त दोन डिस्कांवर लिहिलेली. एका डिस्कवर फाइल मिटली की दुसरीवरही त्याच क्षणी मिटते. रॅन्समवेअरने (फाइली अडकवून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने) एका संगणकावर ताबा मिळवला, तर झेड ड्राइव्हवरचं सगळं त्याला डेस्कटॉपवरच्या फाइलींइतकंच सहज कुलूपबंद करता येतं. म्हणून पेटीबद्दल थोडं आणि ती मांडायची कशी याबद्दल जास्त लिहिलं आहे.

पेटीत इंटेल सेलेरॉन जे ४१२५ प्रोसेसर आहे, २ जीबी रॅम बोर्डावरच बसवलेली आहे आणि आणखी ४ जीबीसाठी एक खाच मोकळी आहे. एक गिगाबिटचे दोन लॅन पोर्ट आहेत. पुढचा यूएसबी पोर्ट बाहेरची डिस्क लावायला सोयीचा पडतो. २०२५ चा डीएस २२५ प्लसही बाजारात आहे. प्रोसेसर तोच आहे, पण एक लॅन पोर्ट २.५ गिगाबिटचा आहे. तुमचा स्विच एक गिगाबिटचाच असेल तर या फरकासाठी जास्त पैसे मोजू नका. २०२५ मध्ये कंपनीने त्या वर्षीच्या प्लस मॉडेलांवर इतर कंपन्यांच्या डिस्क वापरायला अडसर घातला होता आणि ऑक्टोबरमध्ये डीएसएम (नॅसची कार्यप्रणाली) ७.३ बरोबर तो बराच सैल केला. २२४ प्लसला ही अडचण मुळातच नव्हती.

रॅमबाबत काटकसर करू नका. २ जीबीवर पेटी चालते, पण पाच-सहा संगणकांचा बॅकअप एकाच वेळी सुरू झाला की तिचं व्यवस्थापनाचं पान उघडायलाही वेळ लागतो. ४ जीबीची डीडीआर४ सोडिम पहिल्याच दिवशी बसवून घ्या.

डिस्कांबाबत सिल्व्हर मॉलमध्ये किंवा जेल रोडला विचारलंत की ‘४ टीबी आहे, सगळ्या सारख्याच’ असं उत्तर मिळू शकतं. त्या सारख्या नसतात. सीगेटची साधी बॅराकुडा ४ टीबी आणि डब्ल्यूडीची साधी रेड (२ ते ६ टीबीच्या ईएफएएक्स मालिकेतली) या एसएमआर पद्धतीच्या आहेत. त्यांच्यात पट्टे एकमेकांवर चढवून लिहिलेले असतात, त्यामुळे सलग आणि मोठं लिखाण आलं की वेग कोसळतो. रेड १ जोडीतली एक डिस्क बदलून दुसरी भरताना नेमकं असंच लिखाण होतं. सीगेट आयर्नवुल्फ किंवा डब्ल्यूडी रेड प्लस मागा, या सीएमआर, म्हणजे पट्टे एकमेकांवर न चढवणाऱ्या, आहेत. सीसीटीव्हीवाले स्कायहॉक किंवा पर्पल देतील. त्या चालतात, पण त्यांची घडण कॅमेऱ्याच्या सलग चित्रणासाठी असते, मुद्दाम घेण्याचं कारण नाही. दोन डिस्कांवरची उत्पादनाची तारीख वेगळी असेल तर उत्तम, कारण एकाच खेपेतल्या डिस्क एकाच सुमारास दगा देण्याची शक्यता वाढते. ४ टीबीची डिस्क पडद्यावर ३.६ टीबी दिसेल. ती मोजण्याच्या पद्धतीतली तफावत आहे, विक्रेत्याशी वाद घालू नका.

पेटी पहिल्यांदा सुरू करताना एक प्रश्न येतो आणि त्याचं उत्तर नंतर बदलता येत नाही: व्हॉल्यूमची फाइल सिस्टिम कोणती, बीटीआरएफएस की ईएक्सटी४? बीटीआरएफएसच निवडा. पुढे ज्यांचं कौतुक केलं आहे ते स्नॅपशॉट (फोल्डरचं एका क्षणाचं गोठवलेलं चित्र) आणि अ‍ॅक्टिव्ह बॅकअप दोन्ही तिच्यावरच चालतात. ईएक्सटी४ झालं असेल तर सगळं पुसून नव्याने सुरुवात करण्यावाचून इलाज नाही. बसवणारा माणूस घाईत असतो, म्हणून या पायरीला स्वतः शेजारी उभे राहा.

हा नॅस घ्यायचं खरं कारण म्हणजे अ‍ॅक्टिव्ह बॅकअप फॉर बिझनेस. प्रत्येक संगणकामागे परवान्याचे पैसे नाहीत. सिनॉलॉजीचं खातं उघडून एकदा ते चालू केलं की झालं. प्रत्येक विंडोज संगणकावर छोटा एजंट बसवायचा. तो पूर्ण संगणकाची प्रतिमा घेतो: विंडोज, प्रिंटरचे ड्रायव्हर, टॅली, बिझी, डेस्कटॉपवरच्या एक्सेल फाइली, सगळं. पहिली प्रत मोठी असते, त्यानंतर फक्त बदललेले ब्लॉक जातात. पाच संगणकांवर तेच विंडोज असेल तर सारखे तुकडे नॅसवर एकदाच साठवले जातात, त्यामुळे जागा अंदाजापेक्षा बरीच कमी लागते. ठरावीक वेळेऐवजी ‘स्क्रीन लॉक झाली की’, ‘साइन आउट केलं की’ किंवा ‘संगणक सुरू झाला की’ असंही वेळापत्रक लावता येतं. आपल्याकडे दुकान वाढवताना मेन स्विच खाली ओढायची पद्धत आहे. तिथे रात्री दोनचं वेळापत्रक लावलं तर एकही बॅकअप होणार नाही आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही. दुपारी जेवणाच्या वेळी स्क्रीन लॉक होण्यावर बेतलेला बॅकअप अशा जागी व्यवस्थित चालतो. नॅस, राउटर आणि स्विच या तिघांची वीज मात्र मेन स्विचच्या आधीच्या वेगळ्या लाइनवर घ्या. पेटी काम करताना साधारण १५ वॅट खाते, त्यामुळे बिलाची चिंता नको.

बॅकअप हळू चालला तर नॅसला दोष देण्याआधी केबल बघा. गिगाबिटला लॅन केबलमधल्या चारही जोड्या लागतात. कॅमेरे बसवणारे बऱ्याचदा एकाच केबलमधल्या दोन जोड्या एका कॅमेऱ्याला आणि दोन दुसऱ्याला देतात. अशी केबल संगणकाला लागली की वेग १०० मेगाबिटवर येतो, म्हणजे सेकंदाला जेमतेम ११ एमबी. पूर्ण गिगाबिटवर हाच आकडा ११० च्या आसपास असतो. २०० जीबीच्या पहिल्या प्रतीला एका बाबतीत पाच तासांहून जास्त आणि दुसऱ्या बाबतीत अर्धा तास लागेल, इतका फरक आहे. संगणकावर नेटवर्कच्या स्थितीत वेग ‘१०० एमबीपीएस’ दिसला की केबल किंवा जुना स्विच बदला.

संगणक बंद पडल्यावर परत उभा करणं, यात ही व्यवस्था जितकी चांगली आहे तितकेच बारकावेही आहेत. सिनॉलॉजीच्या रिकव्हरी मीडिया क्रिएटरने एक यूएसबी बनवायची, नवा संगणक तिच्यावरून सुरू करायचा, नॅसचा पत्ता द्यायचा आणि तारीख निवडायची. इथे दोन ठिकाणी माणसं अडकतात. नवा मदरबोर्ड असेल तर त्याच्या लॅन चिपचा ड्रायव्हर रिकव्हरीच्या यूएसबीत नसतो, मग नॅस सापडतच नाही. यूएसबी बनवतानाच तो ड्रायव्हर तिच्यात घालून ठेवावा लागतो. दुसरं म्हणजे जुना संगणक लेगसी बायॉस पद्धतीने सुरू होत असेल आणि नवा फक्त यूईएफआय ओळखत असेल, तर आणलेली प्रतिमा सुरूच होत नाही. अशा वेळी नव्या संगणकावर विंडोज नव्याने टाकून बॅकअपमधून नुसत्या फाइली काढाव्या लागतात. ते काम बॅकअपच्या पोर्टलवरून (ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या पानावरून) सोपं आहे, पण सगळे प्रोग्रॅम पुन्हा बसवावे लागतील. जुने विंडोज ७ चे संगणक अजून गल्ल्यावर असतील तर हा धोका आजच तपासून घ्या. टॅलीचा परवानाही नव्या यंत्रावर पुन्हा सक्रिय करावा लागतो, त्यासाठी ज्या मेल आयडीवर तो घेतला आहे त्याचा पासवर्ड हवा. तो आयडी जुन्या अकाउंटंटच्या नावावर असेल तर आधी तो बदलून घ्या.

आता टॅलीविषयी, कारण या बाजारांत बहुतेकांचा जीव तिच्यातच अडकलेला असतो. टॅलीप्राइमचा डेटा ठरवून हलवलेला नसेल तर सी ड्राइव्हवर युजर्स, पब्लिक, टॅलीप्राइम, डेटा या वाटेने सापडतो. प्रत्येक कंपनीचा पाच आकडी नावाचा एक फोल्डर असतो. कंपनी उघडी असताना हा फोल्डर नुसता कॉपी केला तर काही फाइली जुन्या क्षणाच्या आणि काही नव्या क्षणाच्या येतात, आणि उघडताना डेटा दुरुस्तीची वेळ येते. अ‍ॅक्टिव्ह बॅकअपचा एजंट विंडोजच्या शॅडो कॉपीमधून एकाच क्षणाचं चित्र घेतो, म्हणून तो यापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. तरीही टॅलीला त्या क्षणाची सूचना मिळत नाही. त्यामुळे ते चित्र अचानक वीज गेल्यावर डिस्कवर जे उरेल तसं असतं. बिझी एसक्यूएल सर्व्हरवर चालत असेल तर तिथे परिस्थिती बरी असते, कारण एसक्यूएल सर्व्हर शॅडो कॉपीच्या वेळी स्वतःला नीट आवरून घेतो.

म्हणून टॅलीचा स्वतःचा बॅकअप सोडू नका. संध्याकाळी काम संपल्यावर ऑल्ट आणि वाय, मग बॅकअप, आणि ठिकाण म्हणून डी ड्राइव्हवरचा एक फोल्डर. यादीतून सगळ्या कंपन्या निवडल्या आहेत का ते बघा. आर्थिक वर्षानुसार डेटा तोडलेला असेल तर मागच्या वर्षाची कंपनी हमखास सुटते. हा फोल्डर लॅनवर फक्त वाचण्यापुरता शेअर करा आणि अ‍ॅक्टिव्ह बॅकअपमधलं ‘फाइल सर्व्हर’ काम वापरून नॅसला तो स्वतः ओढून घेऊ द्या. यात मोठा फायदा आहे: अकाउंटंटच्या संगणकावर नॅसचा पासवर्ड कुठेच ठेवावा लागत नाही. संगणक व्हायरसच्या ताब्यात गेला तरी नॅसवर लिहिण्याची वाट त्याला मिळत नाही. कामाचा प्रकार ‘इन्क्रिमेंटल’ ठेवा, म्हणजे संगणकावर काही मिटवलं तरी नॅसवरची फाइल राहते.

रोजच्या वेगवेगळ्या तारखा जपायला सोमवार-मंगळवारचे फोल्डर करायची गरज उरत नाही. ते काम स्नॅपशॉट रेप्लिकेशन करतं. फाइल ओढून झाल्यावर तासाभराने त्या शेअर्ड फोल्डरचा स्नॅपशॉट घ्यायला लावा. बदललेल्या ब्लॉकांपुरतीच जागा लागते, म्हणून महिनाभराचे ठेवायला हरकत नाही. डीएसएम ७.२ पासून ‘इम्यूटेबल’ स्नॅपशॉट आले आहेत. ७ ते ३० दिवसांची मुदत घातली की तेवढ्या काळात तो स्नॅपशॉट नॅसच्या अ‍ॅडमिनलाही मिटवता येत नाही. कोणी आतला पासवर्ड चोरला तरी मागचे दिवस हाती राहतात. १४ दिवस ही मुदत आम्हाला व्यवहार्य वाटते, कारण दिवाळीच्या सुट्ट्यांत काही बिघडलं तर दुकान उघडेपर्यंत जुनी प्रत शाबूत असते. ३० दिवस लावाल तर जागा भरत आली तरी काही मोकळं करता येणार नाही, हे लक्षात ठेवा.

टॅलीचा चालू डेटा थेट नॅसवर ठेवून सगळ्यांनी तिथून काम करावं, असा सल्लाही काही विक्रेते देतात. तो आम्हाला पटत नाही. एक तर वेग कमी मिळतो. शिवाय लॅनची केबल मध्येच निसटली की लिहिणं अर्धवट राहतं आणि कंपनीचा डेटा बिघडतो. सगळ्यात वाईट म्हणजे मूळ आणि प्रत एकाच पेटीत जाऊन बसतात.

इथवरचं सगळं एकाच छपराखाली आहे. आग, चोरी, पावसाळ्यात तळघरात शिरलेलं पाणी, विजेचा मोठा झटका यांपैकी काहीही झालं तर संगणक आणि नॅस दोन्ही एकदम जातात. बाहेरच्या प्रतीसाठी नॅसमध्ये हायपर बॅकअप आहे आणि ते कुठे पाठवायचं हा निर्णय खरा महत्त्वाचा आहे.

प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर निवड कायद्याने थोडी अरुंद केली आहे. कंपनी (लेखे) नियम, २०१४ मधल्या नियम ३ च्या पोटनियम ५ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांचा बॅकअप भारतात प्रत्यक्ष असलेल्या सर्व्हरवर ठेवावा लागतो. ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनंतर तो रोजच्या रोज घ्यावा लागतो. मालकीच्या किंवा भागीदारीच्या पेढीला हा नियम नाही, पण पाळायला काहीच तोटा नाही. या नियमामुळे सिनॉलॉजीची स्वतःची सी२ ही साठवण बाद होते, कारण तिचं डेटा सेंटर भारतात नाही. बॅकब्लेझ या ऑनलाइन साठवणीच्या सेवेचंही भारतात केंद्र नाही. हायपर बॅकअपमध्ये सी२ चा पर्याय सगळ्यात सोपा दिसतो, म्हणून हे आधीच माहीत असलेलं बरं.

उरतात दोन वाटा. एक म्हणजे अ‍ॅमेझॉन एस३ ही भाड्याची ऑनलाइन साठवण, त्यांच्या मुंबई रीजनमध्ये बकेट (स्वतःचा कप्पा) उघडून. स्टँडर्ड साठवणीचा दर तिथे महिन्याला दर जीबीमागे अडीच सेंटच्या आसपास आहे. म्हणजे २०० जीबीला पाच डॉलर, वर जीएसटी. जीएसटी क्रमांक खात्यात भरलात तर क्रेडिटसाठी रीतसर बिल मिळतं. परत डाउनलोड करताना महिन्याला पहिले १०० जीबी मोफत, त्यापुढे दर जीबीमागे अकरा सेंटच्या आसपास. यात पूर्ण संगणकांच्या प्रतिमा पाठवू नका. त्या शेकडो जीबी होतात आणि अडचणीच्या दिवशी इतकं खाली ओढायला वेळ नसतो. टॅलीचा फोल्डर, बिलांच्या पीडीएफ, करार, डिझाइनच्या फाइली एवढंच पाठवा. २० मेगाबिटच्या अपलोडवर २०० जीबीची पहिली फेरी सुमारे २२ तास चालते, त्यामुळे ती शनिवारी संध्याकाळी सुरू करा. पुढे रोज काही मिनिटांचं काम उरतं.

एस३ मांडताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. खात्याच्या मालकाच्या म्हणजे रूट चाव्या नॅसमध्ये घालू नका. फक्त त्या एका बकेटपुरता अधिकार असलेला वेगळा वापरकर्ता करा. बकेटचं व्हर्जनिंग चालू ठेवा आणि या वापरकर्त्याला जुनी आवृत्ती कायमची मिटवण्याचा अधिकार देऊ नका. मग नॅस कोणाच्या हाती गेला तरी बकेटमधलं ‘मिटवलेलं’ परत आणता येतं. जुन्या आवृत्त्या ३० दिवसांनी आपोआप जाव्यात असा नियम लावा, नाहीतर बिल हळूहळू फुगतं. पण स्वस्त पडेल म्हणून तोच नियम ग्लेशियरकडे, म्हणजे एस३ च्या स्वस्त पण सावकाश साठवणीकडे, वळवू नका. हायपर बॅकअपला तिथल्या फाइली लगेच वाचता येत नाहीत आणि सगळं काम मोडून पडतं. बिलाचा मेल रोज उघडला जाणारा असावा. कार्ड नाकारलं गेलं आणि बिल थकत राहिलं, तर खातं बंद होऊन प्रत जाते.

दुसरी वाट म्हणजे मालकाच्या घरी किंवा दुसऱ्या गोदामात आणखी एक छोटा सिनॉलॉजी नॅस ठेवायचा. त्याच्यावर हायपर बॅकअप व्हॉल्ट हे प्रत स्वीकारणारं पॅकेज बसवायचं. सर्व्हर भारतातच राहतो, दर महिन्याचं भाडं नाही, आणि वेळ आली तर पेटी उचलून दुकानात आणता येते. अडचण जोडणीची आहे. हायपर बॅकअपला व्हॉल्टचा ६२८१ पोर्ट थेट लागतो, सिनॉलॉजीची क्विककनेक्ट सेवा इथे कामाची नाही. घरच्या फायबर जोडणीला बऱ्याचदा स्वतःचा सार्वजनिक आयपी नसतो, एकच आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. अशा वेळी पोर्ट फॉरवर्ड कितीही केलं तरी आत येताच येत नाही. दोन्ही पेट्यांवर टेलस्केल हे पॅकेज बसवलं की ती एकमेकांना १०० ने सुरू होणारा खाजगी पत्ता देतात आणि पोर्ट उघडावाच लागत नाही. मात्र डीएसएम ७ वर नॅसने स्वतः बाहेर जोडणी करावी यासाठी टास्क शेड्युलरमध्ये सुरुवातीला चालणारी एक छोटी स्क्रिप्ट घालावी लागते. टेलस्केलच्या मदतपानावर ती दिलेली आहे. ती राहिली तर दुकानाकडून घराकडे काहीच पोचत नाही आणि चूक हायपर बॅकअपची आहे असं वाटत राहतं. पहिली पूर्ण प्रत दोन्ही पेट्या एकाच टेबलावर ठेवून लॅनने करा आणि मग दुसरी घरी न्या.

आमची पसंती अशी: दोन भागीदार, दोन जागा असतील तर दुसरा नॅस. सगळं एकाच इमारतीत, घरही वरच्या मजल्यावर असेल तर एस३.

दोन्ही वाटांवर ‘क्लायंट-साइड एन्क्रिप्शन’ची (प्रत पाठवण्याआधीच कुलूपबंद करण्याची) खूण काम तयार करतानाच लावावी लागते, नंतर लावता येत नाही. पासवर्ड ठरवल्यावर एक चावीची फाइल डाउनलोड होते. ती नॅसवर किंवा दुकानाच्या संगणकावर ठेवून काही उपयोग नाही, कारण तेच गेलेले असतील. पासवर्ड कागदावर लिहून आणि चावी एका पेनड्राइव्हवर घेऊन दोन्ही बँकेच्या लॉकरमध्ये किंवा घरच्या कपाटात ठेवा. दोन्ही हरवल्या तर सिनॉलॉजीलाही ती प्रत उघडता येत नाही. टॅलीव्हॉल्टच्या, म्हणजे टॅलीतला कंपनीचा डेटा कुलूपबंद करणाऱ्या सोयीच्या, पासवर्डचंही तसंच आहे. हायपर बॅकअप एक्सप्लोरर हा प्रोग्रॅम विंडोजवर चालतो आणि नॅस नसतानाही प्रत उघडून फाइली काढून देतो. त्याची माहिती त्याच कागदावर लिहा.

जुन्या प्रती किती दिवस ठेवायच्या, यासाठी ‘स्मार्ट रिसायकल’ निवडा. ते गेल्या २४ तासांतल्या दर तासाच्या, महिन्याभराच्या रोजच्या आणि त्यामागच्या दर आठवड्याच्या प्रती ठेवतं. मर्यादा २५६ ठेवली आणि रोज एकच प्रत होत असेल तर हिशेब साधारण चार वर्षांवर जातो. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणाच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने आणि कंपनीच्या वह्या ८ वर्षं जपाव्या लागतात, म्हणून तेवढ्यावर भागत नाही. ऑडिट पूर्ण झालं की त्या वर्षाची एक स्वतंत्र प्रत यूएसबी डिस्कवर काढून, वर्ष लिहून, दुकानाबाहेर ठेवा.

यूएसबी डिस्कचा रोजचा उपयोगही आहे. दोन डिस्क घ्या आणि आठवड्याआड बदला. हायपर बॅकअपमध्ये ‘काम यशस्वी झालं की डिस्क बाहेर काढा’ असा पर्याय आहे, तो लावला की ती लागलेली असूनही नॅसपासून सुटी होते. इंटरनेट बंद असतानाही परत उभं राहण्यासाठी यापेक्षा वेगवान काही नाही.

आता न आवडलेलं. डीएसएमच्या सूचना चांगल्या आहेत, पण मराठी नाहीत, आणि धोक्याचा मेल इंग्रजीत आला की दुकानात तो वाचला जात नाही. डिस्क बिघडली की पेटी बीप वाजवत राहते. तो आवाज बटणाने बंद करता येतो आणि लोक तेच करून मोकळे होतात. अशी पेटी महिनोन्‌महिने एकाच डिस्कवर चालू शकते. मेलची सूचना मालक आणि संगणक सांभाळणारा या दोघांच्या फोनवर जाईल अशी लावा. सुटी डिस्क हाताशी असली तर बदलून सात-आठ तासांत पेटी पूर्ववत होते.

जागेचीही काळजी हवी. पेटीसाठी कंपनीने दिलेली खोलीच्या तापमानाची मर्यादा ४० अंश आहे. मे महिन्यात इंदुरात बाहेरच पारा तिथवर जातो, आणि क्लॉथ मार्केटमधल्या पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर त्याहून वर. गल्ल्यामागचं, पंखा असलेलं, जमिनीपासून दोन फूट वरचं कपाट चांगलं. मिरची-हळदीच्या गोदामात नॅस ठेवू नका. ती बारीक धूळ पंख्यात जाऊन बसते.

यूपीएस घेताना त्याला संगणकाशी बोलणारा यूएसबी पोर्ट आहे का ते डोळ्यांनी बघून घ्या. स्वस्त ६०० व्हीएमध्ये तो बहुधा नसतो. पोर्ट असेल तर वीज गेल्यावर नॅस स्वतः नीट बंद होतो. नसेल तर बॅटरी संपताना धाडकन बंद पडतो आणि लिहिणं अर्धवट राहतं. ‘वीज आल्यावर आपोआप सुरू व्हा’ हा पर्यायही चालू करून ठेवा.

नॅसची दारंही बंद हवीत. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सिनॉलॉजीनेच इशारा दिला होता की स्टेल्थवर्कर नावाचं बॉटनेट पासवर्ड एकामागून एक ताडून पेट्यांत शिरत आहे. ‘अ‍ॅडमिन’ नावाचं मूळ खातं बंद करा, वेगळ्या नावाने दुसरं करा, त्याला दोन टप्प्यांची खात्री लावा, आणि राउटरवर ५००० किंवा ५००१ पोर्ट कोणी उघडून ठेवला असेल तर बंद करा. ‘मोबाइलवर घरून बघता यावं’ म्हणून बसवणारे तो उघडतात. बाहेरून बघायचंच असेल तर टेलस्केलने बघा.

पैसे चुकते करण्याआधी विक्रेत्याकडून तीन गोष्टी समोर करून घ्या. एका संगणकावरची कालची एक्सेल फाइल पोर्टलवरून परत काढून दाखवायची. रिकव्हरीच्या यूएसबीवरून एखादा संगणक सुरू करून नॅस सापडतो इथपर्यंत न्यायचं, पुढे जायची गरज नाही. आणि बाहेरच्या प्रतीतून टॅलीचा बॅकअप उतरवून तो एका नव्या रिकाम्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करायचा, मग कालच्या तारखेची शेवटची पावती आणि गल्ल्याची शिल्लक जुळते का बघायचं. फोल्डर नवाच हवा, कारण टॅलीचं रिस्टोअर चालू डेटाच्या ठिकाणी केलं तर आजचं काम कालच्या प्रतीखाली जातं. हीच तिसरी चाचणी दर तिमाहीला जीएसटीचं काम आटपल्यावर अकाउंटंटने स्वतः करावी. त्याला अर्ध्या तासापेक्षा जास्त लागू नये.

एकाच संगणकावर चालणाऱ्या दुकानाला या पेटीची गरज नाही. दोन यूएसबी डिस्क आलटून पालटून घरी नेणं, रोज टॅलीचा बॅकअप आणि त्या एका फोल्डरची मुंबईच्या बकेटमध्ये एन्क्रिप्ट केलेली प्रत, एवढं पुरेसं आहे. संगणक तीनच्या पुढे गेले, किंवा बिलिंग थांबल्याने एका दिवसाचं नुकसान या पेटीच्या किमतीइतकं होत असेल, तर डीएस २२४ प्लस ४ जीबी जादा रॅमसह घ्या.